ठोकळ्यात शिरलेली गोळी

"पोरीला शिकायला धाडली, अन् ती घरात हाडं शिजवायलीय," अव्वा पुटपुटल्या.

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, परातीतल्या पिठाशी बोलत होत्या. पण आमचा स्वयंपाकघर नावाचा बोळ असा की एकीनं पुटपुटलं तर दुसरीच्या कानाला वाफ लागायची. मी फोडणीकडं बघत राहिले. सासूचं पुटपुटणं आपल्याला ऐकू आलं आहे हे कळू द्यायचं की नाही, हे ठरवायला सुनेला फोडणीचा फार उपयोग होतो.

"हाडं नाहीत अव्वा, पावडर आहे," निलू दारातून म्हणाली. माझी लेक, औरंगाबादला न्यायवैद्यक शास्त्र शिकत होती, दिवाळीच्या सुट्टीत उमरग्याला आली होती. "जिलेटिन म्हणतात."

"कशापासून करतेत?"

निलू खोटं बोलणारी पोरगी नव्हती. तिथंच तर पुढचा सगळा घोळ झाला.

"हाडं अन् कातडं उकळून," ती म्हणाली.

अव्वांनी पिठाचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाला लागू नये म्हणून कोपरानं पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "महानंदा, हिला सांग, ह्या घरात बसवण्णांचा फोटो हाय."

मी सांगितलं नाही. फोटो निलूलाही दिसत होता.

प्रकार असा होता. बंदुकीची गोळी माणसाच्या अंगात शिरते तेव्हा आत काय काय करते, हे बघायला शास्त्रवाले लोक माणूस वापरत नाहीत. वापरू नयेच म्हणा. ते जेलीचा एक मोठा ठोकळा करतात, मांसाइतका घट्ट आणि आरपार दिसणारा, आणि त्यात गोळी मारतात. गोळीची वाट त्यात दिसते. निलूच्या सरांनी प्रत्येकाला एक प्रयोग स्वतःच्या हातानं करून आणायला सांगितला होता. निलूनं निवडलेला विषय तिच्या वर्गात दुसऱ्या कुणाकडं असणं शक्यच नव्हतं. विषय होता आप्पांची मांडी.

आप्पा म्हणजे माझे सासरे, निवृत्त हवालदार. त्यांच्या डाव्या मांडीला, जरा मागच्या अंगाला, एक व्रण होता. तरुणपणी डोंगरात दरोडेखोरांचा पाठलाग करताना गोळी लागली होती, असं ते सांगत. फार चांगलं सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा दरोडेखोर तीन होते. मल्लिनाथ, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे की त्यांच्या लहानपणी एकच होता. निलू पाचवीत गेली तोवर सात झाले आणि एकाला घोडा मिळाला.

निलू त्या गोष्टीवरच वाढली. कॉलेजच्या मुलाखतीत तिला विचारलं, हाच विषय का? ती म्हणाली, "माझ्या आजोबांना गोळी लागली होती. मारणारा सापडला नाही. कुठल्या बंदुकीची होती, तेवढं तरी मला शोधायचंय." हे वाक्य आप्पांनी गावात ज्याला ऐकायचं होतं त्याला सांगितलं, आणि ज्याला ऐकायचं नव्हतं त्याला दोनदा. सांगताना त्यांचे डोळे भरायचे. म्हणून तर पोरगी जिलेटिनची पुडी घेऊन घरी आली तेव्हा आप्पांचा चेहरा एकदम पडला, ते मला चमत्कारिक वाटलं.

"गोळ्या न् बंदुका घरात कशाला?" ते म्हणाले. "एखादी चांगली चोरी घे की. बोटांचे ठसे घे."

"आप्पा, तुमचंच तर काम करायलेय मी."

"माझं काम झालंय बाळा. मी पेन्शन खायलोय."

हाडांवरून अव्वा हटेनात, तेव्हा मल्लिनाथ यांनी तोड काढली. त्यांचं किराणा दुकान होतं, त्यामुळं जगातल्या कुठल्याही भांडणावर त्यांच्याकडं एखादी पुडी असायची. या वेळी चायनाग्रासची निघाली. "समुद्रातलं शेवाळ आहे. शुद्ध शाकाहारी. लोक उपासाला खातेत," ते म्हणाले.

"बाबा, चायनाग्रासचं नाही जमत."

"घट्ट होतंय की नाही?"

"होतंय. पण—"

"मग झालं."

तर आमचा पहिला ठोकळा शुद्ध शाकाहारी झाला. चौकोनी डालड्याच्या डब्यात तो लावला. त्यात निलूनं दालचिनीच्या तेलाचे थेंब टाकले, म्हणजे बुरशी धरत नाही. घरभर असा वास सुटला की शेजारच्या बाई वाटी घेऊन आल्या. मी त्यांना सांगितलं की ही मांडी आहे. त्या वाटी घेऊन परत गेल्या आणि पुढं बरेच दिवस माझ्याशी फार जपून बोलायच्या.

बंदूक आणली यात्रेतल्या फुगेवाल्या चाँदभाईची. छऱ्यांची, फुगे फोडायची. चाँदभाई स्वतः ती चादरीत गुंडाळून घेऊन आला. "हवालदारसाब, आपके वास्ते देतो," तो म्हणाला. "लेकिन निशाना जरा उजवीकडं धरा. नळी वाकडी हाय, छर्रा डावीकडं जातो."

"वाकडी कशी झाली?" निलूनं विचारलं.

"झाली नाही बेटी. केली. सगळे फुगे फुटले तर मी काय खाऊ?"

मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला टेकून आम्ही तो ठोकळा ठेवला. निलूनं उजवीकडं धरून छर्रा मारला. ठोकळा थरथरला आणि मधोमध फुटून त्याच्या पाच-सहा वड्या झाल्या.

"बघ!" आप्पा इतके खूश झाले की काठी न घेता उठले. "माणसाची मांडी अशी फुटत असती तर मी आज हितं बसलो असतो का? नाही जमत हे. सोड."

"म्हणूनच म्हणत होते मी, जिलेटिन पाहिजे," निलू म्हणाली.

आप्पा परत बसले.

शेवटी तह झाला. जिलेटिन घरात येणार नाही. मागं, बाभळीखाली तीन दगडांच्या चुलीवर शिजेल. पातेलं जे वापरलं जाईल ते पुन्हा घराचा उंबरा ओलांडणार नाही. मी माझ्या माहेरचं एक चेपलेलं पातेलं दिलं. ते अव्वांच्या डोळ्यांत आधीपासून खुपत होतंच, त्यांनी लगेच मान्यता दिली. राहिला फ्रीज. ठोकळा थंडाव्याशिवाय धरत नाही. त्यावर अव्वांनी फ्रीजमधलं सगळं दूध, दही, लोणी बाहेर काढलं, फ्रीज रिकामा करून दिला आणि म्हणाल्या, "हे पेटारं तसंबी मला आवडत नव्हतं."

निलू चुलीपुढं बसून लाकडी डावानं ढवळत होती आणि आप्पा लांबून बघत होते. पूड आधी गार पाण्यात भिजवायची, फुगली की मंद जाळावर विरघळवायची, उकळी येऊ द्यायची नाही. फेस आला की काढायचा. ती ते इतक्या मायेनं करत होती की मलाच भरून आलं. माझ्यासाठी तिनं कधी पिठलंसुद्धा ढवळलं नव्हतं.

"आप्पा, एक काम आहे," ती म्हणाली. "तुमच्या व्रणाचं माप पाहिजे."

"कुठल्या?"

"गोळीच्या. दुसरा आहे का?"

"नातीपुढं धोतर सोडू व्हय मी?" आप्पा ओरडले. "कुठल्या कॉलेजात हे शिकवतेत?"

"मी नाही बघत. अव्वाकडून घेते." तिनं अव्वांच्या हातात पातळ कागद आणि पेन्सिल दिली. "अव्वा, रेघ मारायची नाही. कागद वर धरायचा अन् नुसती पेन्सिल आडवी घासायची. लहान मुलं नाण्यावर घासतात बघ, तशी. आपोआप उमटतं."

आप्पा नको म्हणत होते. पण आमच्या घरात आप्पांचं नको मोजायची पद्धत नव्हती. अव्वांनी त्यांना मधल्या खोलीत नेलं, पडदा ओढला. बाहेर आम्ही तिघं ऐकत होतो.

"हळू. गुदगुल्या व्हायल्यात."

"हला नका."

"घासू नको गं इतकं. थोडंच घास. गोल-गोल घास."

"पोरगी आडवं म्हणालीय."

"तुला मी सांगायलो ना, गोल—"

"हला नका म्हणलं ना!"

अव्वा बाहेर आल्या त्या कागद उलटा धरून. निलूनं तो सुलटा केला. बीजेची चंद्रकोर असते ना, तशी हातभर नव्हे पण वीतभर लांब, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली रेघ. छान वळलेली.

मी बघितलं. मल्लिनाथ यांनी बघितलं आणि त्यांना एकदम दुकानाची आठवण झाली. मी फारशी शिकलेली नाही, पण भिंतीवर मारलेला खडा असा वळण घेत जात नाही हे मला कळतं. अव्वा माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "चहा टाकते."

 निलू कागदाकडं बघत राहिली. नंतर तो वहीत घालायच्या ऐवजी तिनं दुमडून ओढणीच्या टोकात बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज बंद होता. ठोकळा म्हणजे डबाभर दालचिनीचं पाणी झालं होतं.

"वीज वाचवायली पायजे," आप्पा पेपरातून म्हणाले. "रिकामं पेटारं चालू कशाला?"

"रिकामं नव्हतं. त्यात तुमची मांडी होती," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

निलू रागावली नाही. पुन्हा विरघळवलं, पुन्हा गाळलं, पुन्हा लावलं. या वेळी तिनं बटणावर चिकटपट्टी लावली आणि आप्पांच्या पायाशी येऊन बसली. "आप्पा, तुम्हाला हे नको असेल तर सांगा. मी दुसरा विषय घेते."

सुटका समोर उभी होती. माणसानं हो म्हणावं की नाही? पण आप्पांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या सरांना तू माझं नाव सांगितलंस ना?"

"सांगितलंय."

"मग कर बाई. गोळी लागलीय म्हणजे लागलीय."

हवालदार होते, पण मान कापायला नेलेल्या बोकडाची होती.

ठोकळा मात्र अप्रतिम झाला. डब्यातून काढला तर पिवळसर, स्वच्छ, पलीकडची बाभूळ दिसेल असा. बोटानं दाबलं की दबायचा आणि सोडलं की जागेवर यायचा. आम्ही सगळ्यांनी एकेकदा दाबून बघितलं. अव्वांनी लांबून काठीनं दाबला.

मी जवळच पोत्यावर बसून विळीवर भोपळा चिरत होते. निलूनं छर्रा मारला. या वेळी काही फुटलं नाही. ठोकळा आत खोल शहारला आणि शांत झाला, आणि पोटात छर्ऱ्याची वाट दिसायला लागली. सुईनं काढावी तशी बारीक, सरळ. तिनं आणखी दोन मारले. दोन्ही सरळ.

निलूनं ओढणीची गाठ सोडली, कागद काढला, त्या चंद्रकोरीकडं बघितलं, ठोकळ्याकडं बघितलं. मल्लिनाथ दुकानात जायचे थांबले होते.

"नळी," आप्पा म्हणाले. "नळी वाकडी असती ना, तर गोळी वाकडी शिरते. त्या दरोडेखोरांच्या बंदुका काय, गावठी."

"ही पण वाकडीच आहे आप्पा," निलू हळू म्हणाली. "वाकड्या नळीतली गोळी पण सरळच जाते. फक्त दुसरीकडं."

"त्या टायमाच्या गोळ्या वेगळ्या होत्या. शिसं मऊ होतं. मांडीत शिरल्यावर वळायची."

"अशी?"

"अशीच. आण हिकडं, दाखवतो." आप्पा उठले आणि ठोकळा दोन्ही हातांनी उचलला. दाखवणार काय होते ते त्यांनाही माहीत नसणार. ठोकळा चांगला पाच-सहा किलोचा, त्यात वरून ओला. ताज्या माशासारखा तो त्यांच्या हातातून सुळकन निसटला. मी "आप्पा!" म्हणून उठले, भोपळ्याची फोड एकीकडं गेली, आणि तो ठोकळा थेट माझ्या विळीवर येऊन बसला.

अगदी बसलाच. थप्प करून.

निलूनं तो अलगद उचलून विळीच्या पात्यातून सोडवला आणि उजेडात धरला. आत एक कापलेली वाट होती. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती, आणि मधे छान वळलेली. तिनं त्यावर कागद धरला. धरायची गरज नव्हती. चंद्रकोर चंद्रकोरीवर बसली.



माझे यजमान आभाळाकडं बघायला लागले. मी विळी आडवी केली. आप्पा उभ्या उभ्या लहान दिसायला लागले. हवालदाराचे खांदे, ज्यांच्यावर मी लग्नापासून सात दरोडेखोर आणि एक घोडा पेललेला पाहिला होता, ते खाली आले. ते निलूकडं बघत नव्हते. पोरीनं काहीही म्हणावं, पण आता आपल्याकडं बघू नये, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

निलूनं कागदाची घडी घातली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"वळत असेल," ती म्हणाली. "मऊ शिशाची असली तर वळत असेल आप्पा. तुम्ही सांगता तसंच लिहिते मी."

खोटं न बोलणारी माझी लेक हे म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. आणि आजोबांसाठी ती सरांपुढं, शास्त्रापुढं, त्या ठोकळ्यापुढं खोटं लिहायला तयार झाली होती.

"काही लिहू नको," अव्वा म्हणाल्या.

"तू गप गं," आप्पा म्हणाले.

"गोळी नव्हती. विळी होती."

"गप म्हणलं ना!"

"लई वर्षं गप बसले." अव्वांनी हातातली काठी भिंतीला टेकवली आणि त्या पोत्यावर, माझ्या भोपळ्याशेजारी बसल्या. "लग्नाचं पहिलं साल. मी भाजी चिरायले होते, अन् चुलीवर दूध वर आलं. मी विळी तशीच उभी सोडून पळाले. हे ड्यूटीवरून आले, भुकेजलेले. आत अंधार. बसायला पाट बी बघितला नाही. बसले."

मल्लिनाथ यांच्या तोंडातून एक आवाज आला. त्यांनी तो खोकल्यात घातला.

"हसू नको मल्लू. रक्ताचं थारोळं झालं होतं. सासूबाई मठात प्रवचनाला गेल्या होत्या. कुठल्याबी क्षणी येणार. विळी उभी ठेवू नये हे मला त्यांनी रोज सांगितलेलं. अन् त्याच्याआधी मला एकदा माहेरी धाडलं होतं त्यांनी, भाकरी जाड होती म्हणून. किती दिवस कुणी न्यायला आलं नव्हतं. परत आणलं तेव्हा म्हणाल्या होत्या, आता एक चूक झाली तर पुन्हा उंबरा दिसायचा नाही. मी तर लुगड्यांचं गाठोडं बांधायलाच घेतलं. सासूबाई दारात आल्या, अन् हे पालथे पडल्या पडल्या म्हणले, आई, गोळी लागली."

"मग?" निलूनं विचारलं.

"मग काय. सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली."

"अन् ठाण्यात काय सांगितलं, आप्पा?" मल्लिनाथ यांनी विचारलं.

"ठाण्यात खरं सांगितलं," आप्पा चिडून म्हणाले. "सरकारशी खोटं कसं बोलायचं? महिनाभर हसत होते भडवे. शेवटी बदली मागून घेतली."

एवढं झाल्यावर मला धरवेना. मी पदर तोंडात कोंबला. मल्लिनाथ बाभळीला टेकून हलत होते. निलू ठोकळा पोटाशी धरून खाली बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कुठल्या कारणाचं होतं ते मी विचारलं नाही.

"पण आप्पा, पणजी वारल्यावर तरी सांगायचं की," ती म्हणाली.

"तोवर दरोडेखोर लई झाले होते."

पुन्हा हसू. आप्पाही थोडे हसले, नंतर हळूहळू काठी शोधून पोत्याच्या कडेला बसले, अव्वांपासून हातभर लांब. त्यांना असं शेजारी बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"मला एक सांगा," निलू म्हणाली. हसू संपलं होतं तिचं. "पणजीनं अव्वाला पाठवलं असतं माहेरी, तर तुम्ही नंतर समजूत घालून आणलं असतं. इतकी मोठी गोष्ट रचायची, सगळा जन्म सांभाळायची. कशासाठी?"

आप्पांनी ठोकळ्याला चिकटलेली माती बोटानं काढली. एक खडा काढला. मग दुसरा.

"सांगा की," निलू म्हणाली.

अव्वा भोपळ्याच्या बिया गोळा करायला लागल्या. एक-एक.

"काय सांगायचं," आप्पा ठोकळ्याकडं बघत म्हणाले. "ही माहेरी गेली की मला करमायचं नाही."